निर्लेखनाच्या ढिगातली पूर्व-पश्चिम: जुनी वैचारिक पुस्तकं वाचायची माझी रीत

दर चार-पाच वर्षांनी आमच्या वाचनालयात निर्लेखन व्हायचं. म्हणजे फाटलेली, वाळवी लागलेली आणि वर्षानुवर्षं कुणी घरी न नेलेली पुस्तकं रजिस्टरातून कमी करायची, कमिटीच्या सह्या घ्यायच्या आणि रद्दीवाल्याला बोलवायचं. फाटलेलं पुस्तक दिसतं, वाळवीही दिसते. तिसऱ्या प्रकाराला मात्र शेवटच्या पानावरची तारखांची पट्टी बघावी लागते, आणि तिथे माझा हात अडखळायचा. टागोरांच्या ‘नॅशनॅलिझम’वर एकूण सात शिक्के, शेवटचा 1987 चा. राधाकृष्णन यांच्या जाड पुस्तकावर तीन. ओकाकुरा नावाच्या जपानी गृहस्थांची पट्टी कोरी करकरीत, जणू पुस्तक कालच दाखल झालं.

एकतीस वर्षं ग्रंथपालकी केल्यावर निवृत्तीच्या वर्षी निघालेल्या ढिगातली अकरा पुस्तकं मी रद्दीच्या भावाने, रीतसर पावती फाडून घरी आणली. घरी येऊन झटकली तेव्हा लक्षात आलं की त्यातली बहुतेक एकाच वादाची आहेत. पूर्व म्हणजे काय, पश्चिम म्हणजे काय, आणि दोघांचं जमायचं कसं. आता दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाच-सहा जण जमतो. मेडिकलचं दुकान चालवणारे काका, शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई, बँकेतून लवकर बाहेर पडलेले एक गृहस्थ, आणि जर्मनीला शिकायला निघालेली शेजारची पोरगी. ती गेली आता, पण तिची गोष्ट शेवटी येईल.

हीच पुस्तकं का? कारण त्यातलाच वाद आपण रोज सकाळी घरच्या ग्रुपवर नव्याने घालतो. पाश्चात्त्य वळणाने पोरं बिघडली, आपल्याकडे सगळं आधीच होतं, त्यांच्याकडे शिस्त आणि आपल्याकडे कुटुंब. शंभर वर्षांपूर्वी हे सगळं जास्त रागाने आणि जास्त हुशारीने बोलून झालंय, आणि तेही समोरच्याची पुस्तकं नीट वाचून. फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, वाचायला महिना लागतो. महिना काढायची तयारी असेल त्यांच्यासाठी पुढचं.

जाड पुस्तकाने सुरुवात करू नका

आम्ही इथेच चुकलो. येल विद्यापीठातल्या नॉर्थ्रॉप या प्राध्यापकाचं ‘द मीटिंग ऑफ ईस्ट अँड वेस्ट’, 1946 सालचं, हे नावातच सगळं आलं म्हणून पहिलं घेतलं. त्याचं म्हणणं साधारण असं: पश्चिमेने डोळ्यांना न दिसणारं, तर्काने मांडलेलं जग धरलं; पूर्वेने थेट अनुभवाला येणारं धरलं; आणि दोघांनाही दुसऱ्याकडचा तुकडा हवा आहे. इथवर ठीक. पण त्याची एक लाडकी संज्ञा मराठीत आणता आणता ‘अविभक्त सौंदर्यात्मक सातत्य’ असं काहीतरी तयार झालं, आणि मेडिकलवाले काका म्हणाले, “ताई, हे दिवसातून किती वेळा घ्यायचं?” तिसऱ्या गुरुवारी आम्ही तिघंच उरलो.

पुस्तक वाईट नाही. पूर्व-पश्चिम म्हणून हातात घ्यावं आणि सुरुवातीलाच सबंध एक प्रकरण मेक्सिकोवर निघावं, याची मला अजून गंमत वाटते. पण भारत, चीन, जपान सगळे एकाच ‘पूर्व’ नावाच्या पोत्यात भरलेत, आणि ते पोतं सोडवायला आधी थोडी तालीम लागते. ते पाचवं-सहावं पुस्तक ठेवा.

पहिलं घ्या गांधीजींचं ‘हिंद स्वराज्य’. बारकं आहे, 20 प्रकरणं, वाचक आणि संपादक यांचा संवाद. आठ दिवसांत होतं.

वाचायची किल्ली आपल्याच कपाटात आहे

कसं वाचायचं, हे मला ‘गीतारहस्या’त सापडलं. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात टिळकांनी ते पेन्सिलीने लिहिलं आणि 1915 साली ते छापून आलं. आपल्याकडे ते बहुधा देव्हाऱ्याशेजारी असतं, कापडात बांधलेलं. सोडा ते कापड. दुसऱ्या प्रकरणात, कर्मजिज्ञासेत, अर्जुनाच्या शेजारी शेक्सपिअरचा हॅम्लेट उभा आहे, कोरायलेनसही आहे. पुढे मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना एकेक करून समोर बसवून हिशेब विचारलेला आहे. परिशिष्टात गीता आणि ख्रिस्ती बायबल यांच्या तुलनेचा एक भाग आहे. कोंत या फ्रेंच विचारवंताने सांगितलेल्या मानवी विचाराच्या तीन पायऱ्यांना टिळक आपले जुने शब्द लावतात, आधिदैविक, आध्यात्मिक, आधिभौतिक, आणि मग क्रमच बदलतात: कोंतच्या लेखी आधिभौतिक सगळ्यांत वर, टिळक आध्यात्मिकाला वर नेतात. पूर्व-पश्चिम या विषयावर मराठीत याहून दणकट पुस्तक मला ठाऊक नाही. आमच्या वाचनालयात ते धार्मिक पुस्तकांच्या कपाटात होतं. ठेवलं मीच होतं.

पहिल्याच प्रकरणात टिळक मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांचा, एक श्लोक देतात. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य काढायचं कसं, याच्या खुणा त्यात आहेत:

उपक्रमोपसंहारौ अभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

सुरुवात आणि शेवट, पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट, नवं काय, फळ काय, स्तुती-निंदेची सजावट कोणती, आणि युक्तिवाद कोणता. टिळकांनी ही फूटपट्टी गीतेला लावली: सुरुवातीला अर्जुन धनुष्य टाकून बसलाय, शेवटी ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून उठतो, मग मधलं सगळं कशासाठी आहे ते ओळखा. मी तीच पट्टी या पूर्व-पश्चिमवाल्यांना लावते. कार्डाच्या आकाराच्या कागदावर हे शब्द लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा. जुनी कॅटलॉग कार्डं मिळाली तर उत्तम, त्यांची मागची बाजू कोरी असते.

सुरुवात वाचा, लगेच शेवट वाचा

कादंबरीला हे पाप आहे, वैचारिक पुस्तकाला पुण्य. किपलिंग या इंग्रज कवीच्या 1889 च्या पोवाड्याची पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते: पूर्व ती पूर्व, पश्चिम ती पश्चिम, दोघांची गाठ कधी पडायची नाही. बँकवाल्यांनी पहिल्याच दिवशी ती म्हणून दाखवली. मी म्हटलं, तिसरी-चौथी म्हणा. त्यांना येईना. तिथे तो म्हणतो की दोन खंदे पुरुष समोरासमोर उभे ठाकले तर पूर्वही नाही, पश्चिमही नाही, सीमा नाही, वंश नाही. म्हणजे ज्या ओळीवर जग सव्वाशे वर्षं भांडतंय, ती पूर्वपक्षाची, म्हणजे पुढे खोडून काढायला आधी मांडलेल्या मताची, ओळ आहे. किपलिंगची बाकीची मतं मला पसंत नाहीत, पण अर्धवट वाचून कुणाला फासावर देऊ नये.

ओकाकुरा तेनशिन यांचं ‘द आयडियल्स ऑफ द ईस्ट’ याच खुणेने वाचा. हे जपानी कलाभ्यासक 1902 साली हिंदुस्थानात होते, विवेकानंदांना आणि टागोरांना भेटले. पुस्तक इंग्रजीत लिहिलं, 1903 साली लंडनला छापलं, प्रस्तावना भगिनी निवेदितांची. पहिलंच वाक्य तीन शब्दांचं: एशिया इज वन. आशिया एक आहे. वाचून अंगावर काटा येतो. पण पुढची प्रकरणं बघा, बहुतेक जपानच्या कलेच्या कालखंडांवर. आणि पहिल्याच प्रकरणात हळूच येतं की जपान हे आशियाई संस्कृतीचं संग्रहालय आहे. घर सगळ्यांचं, पण किल्ल्या कुणाच्या कमरेला ते कळलं ना?

इथेच ‘फल’ ही खूण लावून टाकते. मीमांसक फळ म्हणजे ग्रंथाने स्वतः सांगितलेलं फळ म्हणतात. मी अर्थ ताणते आणि विचारते, छापून झाल्यावर या वाक्याचं काय झालं? ओकाकुरा 1913 साली वारले. 1930 नंतरच्या जपानी लष्करशाहीने त्यांचं तेच तीन शब्दांचं वाक्य आपल्या झेंड्यावर घेतलं. लेखकाला त्याचा दोष किती द्यायचा, यावर आमचे दोन गुरुवार गेले. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, जपानने कोरिया 1910 मध्ये गिळला तेव्हा ओकाकुरा जिवंत होते, हे विसरू नका.

आणि याच्या शेजारी टागोर ठेवा. ‘नॅशनॅलिझम’ 1917 साली आलं. 1916 मध्ये जपानात आणि अमेरिकेत दिलेली व्याख्यानं आहेत. जपानने त्यांचं स्वागत जंगी केलं. मग टागोरांनी तिथे उभं राहून सांगितलं की युरोपकडून राष्ट्र नावाचं यंत्र उचलू नका, आणि स्वागत बघता बघता थंडावलं. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं, दोघंही ‘पूर्वे’च्या बाजूची. तरी एकाची पूर्व दुसऱ्याच्या पूर्वेशी जुळत नाही. म्हणून माझा एक पक्का नियम झालाय. पुस्तक हातात घेतलं की वहीत नकाशा काढायचा आणि या लेखकाच्या पूर्वेत कोणकोण देश येतात त्यांना टिंब द्यायचं. काहींच्या पूर्वेत अरबस्तान, इराण असतं, काहींच्या पूर्वेत नुसता गंगेचा काठ. मुसलमान पूर्वेचे की पश्चिमेचे, या प्रश्नाला हे बहुतेक लेखक बगल देतात. कुठे दिली ते पान लिहून ठेवा.

पेन्सिलीच्या रेघा आणि ‘सुधारो’

‘अभ्यास’ म्हणजे पुनरावृत्ती. यात डोकं लागत नाही, पेन्सिल लागते. (स्वतःच्या पुस्तकावर. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारणाऱ्याला मी तीन दशकं शोधतेय.) एक शब्द धरायचा आणि आला की समासात रेघ मारायची.

‘हिंद स्वराज्या’त तो शब्द म्हणजे सिव्हिलायझेशन. पण मूळ गुजरातीत आहे ‘सुधारो’. आपल्या मराठी कानाला हा शब्द वेगळा वाजतो. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला तेव्हा सुधारणा ही हवीहवीशी गोष्ट होती, तिच्यासाठी शिव्या खायच्या होत्या. वीस-एक वर्षांनी गांधीजी जवळजवळ त्याच शब्दाला रोग म्हणतात. एकाच धातूचे दोन शब्द, एक पुण्यात, एक आगबोटीवर (ती बोट पुढे येईल), आणि तोंडं विरुद्ध दिशांना. हे इंग्रजी भाषांतर वाचून कधीच दिसलं नसतं. म्हणून जमेल तिथे आपल्या जवळच्या भाषेतलं रूप शोधा. गुजराती कळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मोठ्याने वाचून बघावं, अर्धं कळतंच.

टागोरांमध्ये रेघा ‘नेशन’वर मारा. चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडलं.

नवं काय, आणि उसनं काय

‘अपूर्वता’ शोधायला लोक मजकुरात जातात. मी आधी मागच्या पानांवर जाते. ग्रंथपालाची सवय.

‘हिंद स्वराज्य’ नोव्हेंबर 1909 मध्ये किल्डोनन कॅसल या बोटीवर, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना लिहिलं गेलं. उजवा हात दुखायला लागला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत. मुंबई सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. रेल्वे नको, वकील नको, डॉक्टर नकोत. पश्चिमेवर इतकं जळजळीत पुस्तक शोधून सापडणार नाही. आणि मागे, परिशिष्टात, पुढच्या वाचनासाठी 20 पुस्तकांची यादी आहे. टॉल्स्टॉय, थोरो, रस्किन, मॅझिनी, प्लेटो. आधुनिक सुधारणा हा रोग आहे, हे म्हणणं एडवर्ड कार्पेंटर या इंग्रजाच्या पुस्तकाचा हवाला देऊन केलेलं आहे. वेगाचा भ्रम कसा वाईट यावरसुद्धा एका इंग्रजाचंच पुस्तक यादीत आहे. वीसांत भारतीय लेखक दोन: दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं, मग थोडा राग आला, आणि मग तिसऱ्यांदा वाचताना कळलं की पुस्तकाची नवलाई इथेच आहे. पश्चिमेत पश्चिमेशी भांडणारी माणसं होती. गांधीजींनी त्यांना हाताशी धरलं. टागोरही तेच करतात, पश्चिमेचा आत्मा वेगळा आणि पश्चिमेचं राष्ट्र वेगळं, असे दोन भाग पाडून पहिल्याला नमस्कार करतात. तेव्हा ‘पाश्चात्त्य विचारसरणी’ असा शब्द एखाद्याने टाकला की मी विचारते, कुठल्या साहेबाची? घरच्या ग्रुपवर विचारून बघा. दुसऱ्या दिवसापासून गुड मॉर्निंगचे फोटो कमी होतात.

आणखी एक, फक्त मजा म्हणून. गोपाळ कृष्ण गोखल्यांना हे पुस्तक इतकं कच्चं वाटलं होतं की हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर गांधी स्वतःच ते फाडून टाकतील, असं ते म्हणाले होते. गुरूचं भाकीत चुकलं. पण जवळच्या माणसाचं काय मत होतं ते माहीत असलं की पुस्तकासमोर हात जोडून बसायची सवय सुटते.

अर्थवाद कापायचा, पण फेकायचा नाही

अर्थवाद म्हणजे स्तुती किंवा निंदा, मुद्दा पटावा म्हणून वरून घातलेली फोडणी. या पुस्तकांत ती वाटीवाटीने असते. पूर्व अध्यात्मिक, पश्चिम भोगवादी. पूर्व शांत, पश्चिम धावती. पूर्व कुटुंबवत्सल, पश्चिम एकलकोंडी. समासात ‘अ’ लिहा आणि पुढे चला. एका बैठकीत आम्ही एका प्रकरणातले सगळे ‘अ’ बाजूला काढले. चोवीस पानांची सात झाली, आणि ती सात फार चांगली निघाली.

पण एक बाई म्हणून सांगते, हे ‘अ’ नंतर एकत्र करून पुन्हा वाचा. ‘हिंद स्वराज्या’त इंग्लंडच्या पार्लमेंटला वांझ आणि वेश्या म्हटलंय. पुढे एका इंग्रज मैत्रिणीला वेश्या शब्द खटकला, आणि तेवढा एक शब्द बदलावासा वाटतो, असं गांधीजींनी नमूद केलं. वांझ या शब्दाबद्दल कुणाला काही खटकलं नाही. मला खटकलं. मूल नसलेली एक मावशी माझ्या माहेरी आयुष्यभर हळदीकुंकवाला मागच्या दाराने यायची, त्यामुळे हा शब्द माझ्यासाठी उपमा होऊ शकत नाही. फोडणी कुठल्या डब्यातून आली ते अशा जागी दिसतं. दोन संस्कृतींच्या या महायुद्धात बाई दोन्हीकडे उदाहरण म्हणून आहे, बोलणारी म्हणून जवळजवळ नाहीच.

यावर माझा उतारा: या रांगेत पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ घुसवा. 1889 चं, मराठीत लिहिलेलं, तत्त्वज्ञान म्हणून कुणी मोजत नाही. पण अमेरिकेतल्या बायकांनी संस्था कशा उभ्या केल्या ते लिहिताना त्या आपल्याकडे डोळा लावून आहेत, आणि तिथल्या मूळ रहिवाशांवरचा आणि काळ्या लोकांवरचा अन्याय बघून अमेरिकेलाही सोडत नाहीत. दोन्ही बाजूंना खडे बोल सुनावणारी मराठी बाई, टागोरांच्या आधी सत्तावीस वर्षं.

जातीबद्दलही तेच. पूर्वेचा समाज कसा एकजीव, असं वाक्य आलं की पेन्सिल थांबवा आणि हा समाज गावाच्या कुठल्या बाजूला उभं राहून बघितलाय, ते विचारा.

उत्तर वाचायच्या आधी प्रश्न वाचा

उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद, एकट्याने वाचला तर नेहमी जिंकतो. कोर्टात एकच वकील असल्यासारखं. म्हणून या प्रकारची पुस्तकं शक्यतो जोडीने घ्यावीत.

आमच्या ढिगातली सगळ्यांत चांगली जोडी अपघाताने मिळाली. अल्बर्ट श्वाइट्झर, गॅबनमधल्या लांबारेने इथे दवाखाना चालवणारे डॉक्टर, यांचं भारतीय विचारवंतांवरचं पुस्तक 1935 मध्ये जर्मन भाषेत आलं. पुढच्या वर्षी इंग्रजीत आलं. त्यांचा आरोप सरळ आहे: भारतीय विचार मुळात जगाला आणि जगण्याला नकार देणारा आहे, मग त्यातून नीती, दुसऱ्यासाठी झटणं, हे निघणार कसं? राधाकृष्णन तेव्हा ऑक्सफर्डला होते. त्यांच्या 1939 च्या ‘ईस्टर्न रिलिजन्स अँड वेस्टर्न थॉट’मधलं एक लांब प्रकरण या आरोपाला उत्तर म्हणून लिहिलंय.

आम्ही आधी राधाकृष्णन वाचले. सगळे खूश. काय सुरेख उत्तर! मग श्वाइट्झर वाचला आणि ओसरी गप्प झाली. कारण तो कुचकट माणूस नाही. आदराने वाचतो, खूप वाचतो आणि मग नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो. मग पुन्हा राधाकृष्णन घेतले, तेव्हा काही उत्तरं पूर्वीपेक्षा बारीक वाटली आणि काही जास्त वजनदार. जगाकडे पाठ फिरवणं ख्रिस्ती परंपरेतही आहे, हे त्यांचं म्हणणं पहिल्या वाचनात नुसतं ‘तुमच्याकडेही आहे की’ असं वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात त्याचं टोक कळलं: तसं असेल तर ही पूर्व-पश्चिमेची रेघच चुकीच्या जागी मारलीय. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, मग पुन्हा पूर्वपक्षाची शेवटची दहा पानं.

आणि इथे टिळक परत आणा, कारण संन्यास की कर्म हा श्वाइट्झरचा प्रश्न टिळकांनी वीस वर्षं आधी घरातल्या घरात विचारून ठेवलाय.

बाकी बारीकसारीक

रोज दहा पानांच्या वर वाचू नका. एकट्याने वाचायचं तर सकाळी. रात्री या पुस्तकांवर झोप फार छान लागते. आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी बोला, निदान फोनवर. माणसं चारच असली तरी चालतात, एकजण पटकन कंटाळणारा हवा, तो फार उपयोगी पडतो.

पुस्तकं मिळवायला पैसे लागत नाहीत. टिळक, टागोर, गांधी यांच्या लिखाणावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या प्रतींचे स्कॅन मिळतात. पण तालुक्याच्या वाचनालयात एकदा विचारा. माळ्यावर असतील. धूळ झटकताना पानांतून चंदेरी कसर पळाली तर घाबरू नका, पुस्तक दोन दिवस कोरड्या हवेत उघडं ठेवा. कडक उन्हात ठेवू नका, कागदाचा पापड होतो.

सगळ्यांत जास्त फायदा झाला तो शब्दांच्या वहीचा. प्रत्येक पुस्तकातले चार-पाच अडेल शब्द घेऊन त्यांना मराठी प्रतिशब्द शोधायचा आणि तारीख घालून लिहायचा. ही कल्पना माझी नाही. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे, दयाकृष्ण वगैरे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी पंडितांना आणि इंग्रजीत शिकलेल्या तत्त्वज्ञांना एकत्र बसवलं होतं. रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाने प्रपोझिशनबद्दल, म्हणजे विधानाबद्दल, जे म्हटलंय ते संस्कृतात आणून नैयायिकांपुढे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांपुढे, ठेवलं, आणि सांगा म्हणाले, तुमचं काय म्हणणं. पुढे त्यावर ‘संवाद’ नावाचं पुस्तक निघालं. समोरच्याचं म्हणणं आपल्या भाषेत, त्याला पटेल असं मांडता येईपर्यंत उत्तर द्यायचं नाही, हे मी त्यातून उचललं. ओसरीवरचे आमचे प्रयत्न त्या मानाने लुटुपुटुचे. पण चार ओळी मराठीत आणायला बसलं की आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

तर शेजारच्या पोरीची गोष्ट. ती गेल्या सप्टेंबरात जर्मनीला गेली. जाताना मी थट्टेत म्हटलं होतं, श्वाइट्झर मुळातून वाचून ये. डिसेंबरात तिचा आवाजी निरोप आला, मागे ट्राम वाजत होती. “आजी, ग्रंथालयात मिळालं ते पुस्तक. आपण वहीत ‘संसारत्याग’ लिहिलंय ना, ते चुकलंय. इथे शब्द आहे ‘फर्नायनुंग’. त्याचा अर्थ नकार. त्याग नाही. त्याग करायला आधी ती गोष्ट आपली असावी लागते, नाही का?”

गुरुवारी मी तो निरोप सगळ्यांना ऐकवला. बँकवाले म्हणाले, एकाच शब्दाचा तर फरक. इतिहासाच्या बाईंनी वही ओढून घेतली, आमच्या मार्चमधल्या बैठकीची नऊ पानं उलटली आणि म्हणाल्या, त्याग धरूनच आपण राधाकृष्णनना जिंकवलं होतं. मेडिकलवाले काका चष्मा पुसत होते. मी ‘त्याग’वर काट मारली, वर ‘नकार’ लिहिलं, तारीख घातली, आणि श्वाइट्झरचं पहिलं प्रकरण परत उघडलं.